जयराजची लेन्स, माझा कॅमेरा

मानस्तंभासमोर दोन ट्रायपॉड उभे होते, आणि त्यातला एकच माझा होता.

दुसऱ्यामागे एक उंच मुलगा माझ्याइतकाच गोंधळून उभा होता. कुंडलजवळच्या आमच्या मूळ गावच्या बस्तीची, म्हणजे जैन मंदिराची, स्मरणिका निघणार होती. आप्पांनी फोटोंचं काम मला, म्हणजे आपल्या लेकीला दिलं आणि काकांनी परस्पर बाहेरचा फोटोग्राफर बोलावला! आमच्याकडे भाऊ भावाचा इतका मान ठेवतो, की विचारायचंच राहून जातं.

"मी जयराज. मेढ्याचा," तो म्हणाला. "तुमी काढा आधी... मी थांबतो."

मी काढले. पण कॅमेरा वर केला की मानस्तंभाचा उंच खांब मागे कलायचा. आप्पा स्क्रीनवर डोकावले. "कस्तुरी, खांब पडाय लागलाय की गं!"

जयराजकडे शिफ्ट लेन्स होती. तिला कॅमेरा सरळच ठेवायचा, फक्त लेन्स वर सरकवायची. खांब अगदी ताठ आला... पण फोटोभर हिरव्या रेषा!

"सेन्सर गेला," तो पुटपुटला. "काल तर बरा होता की." त्याचं तोंड इतकंसं झालं. मला आलेलं हसू मी गिळलं.

लेन्स त्याची चांगली, कॅमेरा माझा चांगला, पण कंपन्या वेगळ्या. माझ्या बॅगेत एक साधी अडॅप्टरची कडी होती. तिने लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर बसली खरी, पण कडी मुकी. कॅमेऱ्याचं म्हणणं लेन्सपर्यंत पोचेना, उजेड आत सोडणारं अ‍ॅपर्चर सताड उघडं राहिलं आणि खांब सोडून सगळं धूसर.

"एक जुगाड हाय," जयराज म्हणाला. त्याने लेन्स आपल्या बिघडलेल्या कॅमेऱ्यावर चढवली, अ‍ॅपर्चर बारीक करून अकरावर ठेवलं, एक बारकं बटण दाबून धरलं आणि तसंच दाबलेलं असताना लेन्स फिरवून काढली. आतल्या पात्या होत्या तिथेच थांबल्या.

"आता लावा. हळू..."

लेन्स घेताना आमची बोटं एकमेकांना लागली. तो उगाचच खांबाकडे बघत राहिला, आणि मीसुद्धा.

तो फोटो बस्तीच्या पंचांना इतका आवडला, की त्यांना आजूबाजूच्या गावांतल्या बस्त्यांचेही हवे झाले. मग हिवाळाभर दर रविवारी जयराज मेढ्याहून यायचा. अ‍ॅपर्चर बदलायचं म्हटलं की लेन्स माझ्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून माझ्याकडे. मी हळूहळू गरज नसतानाही अ‍ॅपर्चर बदलायला लागले.

एकदा ऐन मावळतीच्या सोनेरी उन्हात मी डबा उघडला.

"आता कुठं उजेड झ्याक पडलाय, आन् तुमी जेवायला बसताय व्हय?"

"दिवस मावळला की आमचं तोंड बंद."

"बोलायचं बी?"

"फक्त खायचं."

"मग हरकत न्हाई," तो म्हणाला आणि समोर येऊन बसला. पुढच्या रविवारपासून तोही डबा आणायला लागला. "आई इचारती, मावळायच्या आत जेवतोस, पोटाला काय झालंय का?"

"मग काय सांगितलंस?" बोलून गेल्यावर लक्षात आलं, मी त्याला 'तू' म्हटलं होतं.

"अजून... काय न्हाई सांगितलं," तो म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

शेवटची बस्ती सांगलीतली, आम्ही राहतो त्या विश्रामबागेतल्या घराजवळची. मला बेंगळुरूला एका आर्किटेक्टकडे इमारतींचे फोटो काढायचं काम मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. म्हणजे आता रविवार संपले.

जयराजने एक छोटी डबी पुढे केली. आत अडॅप्टर होता, पण बोलका. लावला आणि माझ्या कॅमेऱ्यावरूनच अ‍ॅपर्चर अकरा झालं.

"लेन्स बी घेऊन जा. तिथं लागंल," तो म्हणाला. "आता मधी कुणी लागत न्हाई."

डबीचे कोपरे झिजले होते.

"हा कधी घेतलास?"

तो खांबाकडे बघायला लागला. मग हळूच, "दुसऱ्याच रविवारी."

"आणि हिवाळाभर माझ्यासमोर ते बटण दाबत बसलास?"

"हा दिला असता तर... तू म्हणाली असतीस, लेन्स ठेव आन् जा."

मला राग आला. अगदी खरा. पण मग कळलं, इतके दिवस लपवलेली वस्तू त्याने आजच बाहेर काढली होती, मी मोकळी व्हावी म्हणून. राग कुठल्या कुठे गेला.

मी नवा अडॅप्टर काढला, जुनी कडी लावली आणि लेन्स त्याच्यापुढे धरली.

"अकरा करून दे."

"आता कशाला? तो हाय की..."

"तू करून दे. मला तू आवडतोस, जयराज. लेन्स नसतीस आणली तरी आवडला असतास."

त्याने आपल्या कॅमेऱ्यावर लेन्स चढवली, काढली, माझ्या हातात दिली आणि या वेळी बोटं काढून घेतली नाहीत. "मला बी," एवढंच म्हणाला. "लय."

मी फोटो काढला. डबा घेऊन आलेले आप्पा स्क्रीनवर डोकावले.

"खांब सरळ हाय. पण बाकीचं सगळं धूसर का गं?"

बटण दाबायचं तो विसरला होता.

"आप्पा," मी म्हणाले, "तुमच्याशी बोलायचंय."

"आवं, मीच बोलतो," जयराज पुढे झाला.

आप्पांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग आभाळाकडे. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं.

"आधी बसा दोघंबी," ते म्हणाले. "दिवस मावळाय लागलाय."