एकतर्फी हुकूमनामा

कोर्टाकडून जप्तीला आलेल्या बेलीफ धनसिंगने पितळी हंडा दाराच्या उजेडात धरला आणि त्यावर कोरलेले नाव मोठ्याने वाचले, "सौ. द्रौपदाबाई. नग एक."

ओसरीच्या खांबाला टेकलेल्या नर्मदाबाईने डोक्यावर पदर ओढला... पंचवीस वर्षांपूर्वी गेलेली सासू, हाक ऐकून आल्यासारखी, दारात उभी होती.

दावा तिच्या धाकट्या दिराचा, पंडितचा. वडिलांच्या या घराच्या पुढल्या दोन खोल्यांचे भाडे वहिनी एकटी घेते, आपला हिस्सा मिळावा, एवढीच त्याची मागणी. आई गेली तेव्हा पंडित पाच वर्षांचा होता. पुढे भाऊही, म्हणजे नर्मदाबाईचा नवरा, गेला, आणि याच भाड्यावर तो बी. ए. झाला. हे पाचोऱ्याच्या कोर्टाला सांगू शकेल असे माणूस एकच उरले होते, आणि ते तारखेला गेले नाही. हाताने भरवलेल्या पोरासमोर उभे राहून त्याला खोटे पाडण्याची लाज नर्मदाबाईला सोसवली नाही. कायद्यापाशी लाजेसाठी शब्द नाही, गैरहजेरीसाठी आहे. हुकूमनामा एकतर्फी झाला.

जप्तीच्या वेळी माल दाखवायचा तो दावा जिंकणाऱ्याने. म्हणून पंडित धुळ्याहून आला होता आणि वहिनीकडे न पाहता एकेका वस्तूकडे बोट करीत होता.

"पंडितभाऊ, चूल कसाले सोडतस? तीबी लिखी ल्या," पंच म्हणून बोलावलेल्या दोघांपैकी शेजारचा चिंधा म्हणाला.

"चूल सोडावी लागते," धनसिंग मान वर न करता म्हणाला. "रोजच्या स्वयंपाकाची भांडीही. बाईचं मंगळसूत्रसुद्धा कायदा सोडतो." मग त्याची नजर नर्मदाबाईच्या मोकळ्या गळ्याकडे गेली आणि त्याने घाईने पुढचे भांडे उचलून त्यावरचे नाव वाचले. "सुपडू. तांब्या, एक."

आता गेलेला नवराही आला होता... आपले नाव कोर्टाच्या कागदावर चढताना तो मुकाट्याने पाहत होता, आणि नर्मदाबाईला त्याच्याकडे डोळे उचलवत नव्हते.

पंडितने माळ्याकडे बोट केले. चिंधाने वरून गोणपाटात बांधलेले ओझे उतरवले. आत घंगाळ, परात, दोन डबे. पाणीही न लागलेले. धनसिंगने वाचायला सुरुवात केली आणि तो अडखळला.

"'चि. पंडित व सौ.'... पुढं जागा कोरीच आहे... 'यांस लग्नात वहिनीकडून.'" त्याने चारही भांडी फिरवून पाहिली. सगळ्यांवर तोच मजकूर, तीच कोरी जागा. त्याने लेखणी खाली ठेवली. "साहेब, मला प्रतिवादीचा माल जप्त करता येतो, वादीचा नाही. हे कोणाचं म्हणून लिहू?"

चार वर्षांपूर्वी पंडितने धुळ्यात तीन मित्रांच्या सह्यांवर लग्न उरकले होते. घरी कळवले नव्हते. ती बातमी चिंधाने आणली होती.

"वहिनी... हे कधी घेतलंस?"

"तू नोकरीले लागना तवय. नाव टाकणाराले सांगं, नवरीना नावनी जागा सोडी ठेव."

"मग बोलली का नाहीस? कोर्टात तरी यायचं होतं."

"तुना समोर उभी राहू?"

पंडितने परात उचलून तिच्यावरचे आपले नाव वाचले. एवढ्या मोठ्या न्यायनिवाड्यात त्याला कुणी विचारला नव्हता असा हा एकच प्रश्न होता.

"धनसिंगभाऊ, वॉरंट परत न्या. मला काही नको."

"तसा अर्ज लागेल. लेखी."

पंडितने लिहिले; कागद दोनदा ओला झाला, दोनदा बदलावा लागला. धनसिंगने यादीवर आडवी रेघ मारली, पंचांच्या सह्या घेतल्या आणि तो निघाला. घरात पितळ तेवढे पसरलेले उरले.

नर्मदाबाईने परात मांडीवर ओढली. अक्षरांमधल्या त्या गुळगुळीत जागेवरून तिने अंगठा फिरवला.

"भाऊ," ती म्हणाली, "तुनी बायकोनं नाव काय शे?"

"लता," तो म्हणाला, आणि मग, कित्येक वर्षांनी घरच्या बोलीत, "लता नाव शे, वहिनी."

तिने ते नाव ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले... आणि तिला वाटले, दारातली सासू आणि तो मुका नवरा थोडे सरकले, आणखी एका माणसापुरते.