निशाण उतरवण्याचा हुकूम

वेल्सच्या डोंगरांवर पहाट फुटत होती. ब्रॅनकोम किल्ल्याच्या पश्चिम बुरुजाखालून वाहणारी नदी धुक्यात अजून दिसत नव्हती; तिचा खळाळ तेवढा कानी येत होता, आणि त्या खळाळात तळावर जाग्या होणाऱ्या चार हजार फौजेचा गलबला हळूहळू मिसळत चालला होता. ही हकीकत आठशे वर्षांपूर्वीची. सीमेवरच्या बंडखोर वेल्श सरदारांचे पारिपत्य करण्यासाठी इंग्लंडचा राजा जातीने मोहिमेवर आला होता, आणि त्या दिवशी फौजेला नदी उतरून पलीकडची अरुंद खिंड ओलांडायची होती.

किल्ल्यातल्या प्रार्थनामंदिरात राजाचा निशाणदार ऑसबर्ट वेदीपुढे गुडघे टेकून होता. धर्मगुरूने पवित्र जल शिंपडून राजनिशाण त्याच्या हाती दिले. तांबड्या रेशमावर सोनेरी सिंह काढलेले ते निशाण तीन पिढ्या त्याच्याच घराण्याने वाहिले होते. रणाच्या धुरळ्यात राजाचा चेहरा कोणाला दिसतो? हजारो शिपाई निशाणाकडे पाहूनच लढत. ते उभे, तर राजा जिवंत. ते पडले, तर राजा पडला. म्हणून निशाणदाराने दोन्ही हात काठीलाच द्यायचे, तलवार उपसायचीही नाही, असा रिवाज होता. त्याच्या जिवाची राखण दुसऱ्याने करायची. ऑसबर्टची राखण करणारा होता वॉरिन, त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वॉरिनला तलवार धरायला ऑसबर्टनेच शिकवले होते, आणि राजापाशी शब्द टाकून ही जागाही त्यानेच मिळवून दिली होती.

"आज खिंडीत वारा नाही," घोड्यावर चढताना वॉरिन म्हणाला. "निशाण फडकणार नाही."

"न फडकले तरी चालेल," ऑसबर्ट म्हणाला. "दिसले म्हणजे झाले."

खाशी स्वारी खिंडीच्या मध्यावर पोहोचली, निम्मी फौज अजून मागे नदीच्या उतारावरच होती, आणि दोन्ही अंगांच्या झाडीतून बाणांचा वर्षाव सुरू झाला. पाठोपाठ भालेकरी ओरडत खाली उतरले. जिथे निशाण तिथे राजा, हे शत्रूलाही ठाऊक होते. त्यांचा सारा लोट त्या तांबड्या रेशमाच्या रोखाने येऊ लागला. राजाच्या डाव्या बाजूचे दोन सरदार बघता बघता घोड्यांवरून कोसळले. तेव्हा राजाने आपला घोडा ऑसबर्टच्या घोड्याला भिडवला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ते निशाण पाहून माझ्यावर येताहेत, ऑसबर्ट. खाली घे."

"महाराज, निशाण खाली गेले तर मागची फौज आपण पडलात असे समजेल."

"हा माझा हुकूम आहे. खाली घे."

हे शब्द तीन माणसांनी ऐकले. बोलणारा राजा, ऐकणारा ऑसबर्ट, आणि त्याच्या उजव्या हाताला ढाल धरून असलेला वॉरिन. ऑसबर्टने निशाण उतरवले. राजा गर्दीत मिसळून निसटला. परंतु मागे जे व्हायचे ते झालेच. "राजा पडला" अशी हाकाटी खिंडीतून नदीपर्यंत पोहोचली, पायदळाने पाठ फिरवली, आणि नदीच्या उतारावर आपल्याच माणसांच्या चेंगराचेंगरीत दोनशे शिपाई बुडाले.

तो आकांत कानी पडताच ऑसबर्टला राहवले नाही. त्याने कोणाला न विचारता निशाण पुन्हा उभे केले, आणि एकटाच खिंडीबाहेरच्या उघड्या माळावरून नदीच्या रोखाने घोडा फेकला. एक बाण त्याच्या डाव्या खांद्यात घुसला. तरी काठी हलली नाही. पळणाऱ्यांनी मागे वळून पाहिले, सोनेरी सिंह दिसले, आणि ते थबकले. दुपारपर्यंत फौज सावरली, शत्रू डोंगरात परतला. सैन्य वाचले होते. पण निशाण एकदा खाली गेले होते, हे चार हजार लोकांनी पाहिले होते.

कोणाच्या सांगण्यावरून, हा प्रश्न दुसऱ्या दिवसापासून तळावर कुजबुजला जाऊ लागला. राजाने त्यावर तोंड उघडले नाही. आठव्या दिवशी ऑसबर्टला दरबारात हजर होण्याचे फर्मान आले, आणि फर्मानाबरोबर वॉरिनही आला.

"महाराजांचा निरोप आहे," तो खाली पाहत म्हणाला. "राजा घाबरला असे फौजेला कळले तर उद्या सरदारही बंड करतील. तुम्ही दोष आपल्याकडे घ्या. भीतीने हात सुटला, एवढेच म्हणा. महाराज सौम्य शिक्षा करतील, आणि वर्षभरात सन्मानाने परत बोलावतील."

"हे त्यांचे शब्द?"

"त्यांचेच. मी शपथेवर सांगतो."

दोनशे बुडालेल्यांचे पाप माथी घेणे सोपे नव्हते. पण राज्य टिकावे म्हणून राजा मागतो आहे, आणि निरोप आणणारा घरचाच माणूस आहे, या दोन गोष्टींवर ऑसबर्टने विसंबायचे ठरवले.

भर दरबारात त्याने सांगितले, "निशाण माझ्या हातून खाली गेले. दोष माझा."

मग फिर्यादी म्हणून जो पुढे आला, तो वॉरिन होता. ऑसबर्टने आदल्या रात्री वेल्श सरदारांना खलिता पाठवला होता, निशाण पाडण्याची खूण आधीच ठरली होती, असे तो पाठ केल्यासारखे बोलत गेला. ही भीतीची कबुली उरली नव्हती. ही फितुरी होती, आणि फितुरीला शिक्षा फाशीची.

ऑसबर्ट क्षणभर मेहुण्याकडे पाहत राहिला. मग तो सिंहासनाकडे वळला. "महाराज, मी आपल्या शब्दावर गप्प होतो. तो शब्द मोडला गेला आहे. निशाण उतरवण्याचा हुकूम कोणी दिला, ते आपण सांगावे."

राजाने हातातल्या अंगठीकडे पाहिले. "असा हुकूम दिल्याचे आम्हांस स्मरत नाही."

दोघांखेरीज साक्षीदार नसेल तर द्वंद्वाने निवाडा करायचा, हा त्या काळचा कायदा. जो जिंकेल तो खरा. हरणारा खोटा ठरून फासावर जाई. तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्याखालच्या कुरणात रिंगण आखले गेले. वॉरिन तिशीतला, धडधाकट. ऑसबर्ट पंचेचाळिशीचा, त्यात डावा खांदा निकामी, ढाल दोरीने हाताला बांधलेली. प्रहरभर ते लढले. वॉरिनचा प्रत्येक डाव ऑसबर्टला ठाऊक होता, कारण तो त्यानेच शिकवला होता. अखेरीस वॉरिनचा पाय चिखलात घसरला, आणि ऑसबर्टच्या तलवारीचे टोक त्याच्या गळ्याला लागले.

"खिंडीत काय ऐकलेस," ऑसबर्ट म्हणाला, "ते सगळ्यांना ऐकू जाईल असे सांग. तुझा जीव वाचावा म्हणून मी स्वतः रदबदली करीन."

वॉरिनने रिंगणाभोवती उभ्या असलेल्या फौजेकडे पाहिले. त्याचे ओठ हलले. "मी ऐकले," तो म्हणाला, "महाराज म्हणाले..."

त्याच क्षणी राजाने हातातला राजदंड रिंगणात फेकला. दंड पडला की द्वंद्व थांबलेच पाहिजे, असा नियम होता. चौकीदार धावले आणि त्यांनी दोघांना वेगळे केले. राजा उभा राहून म्हणाला, "दोघेही शूर आहेत. फिर्याद आम्ही रद्द करतो." मग एका दमात त्याने पुढचा निवाडाही सांगून टाकला: ऑसबर्टने शस्त्र ठेवून उत्तरेकडच्या मठात राहावे, आणि निशाण यापुढे वॉरिनकडे असावे.

ऑसबर्टने तलवार जमिनीवर ठेवली. राजाला मुजरा न करता तो रिंगणाबाहेर पडला, आणि कोणीही त्याला अडवले नाही.

मठात त्याने तीन वर्षे काढली. बरोबर आणलेला लढाईचा घोडा मठाधिपतींनी ठेवू दिला होता. बहीण मॉड नवऱ्याचे घर सोडून मठाजवळच्या खेड्यात राहायला आली होती. ती वॉरिनचे नाव घेत नसे. चौथ्या वसंतात वॉरिन स्वतः आला. तो वाळला होता.

"स्कॉटलंडवर मोहीम निघते आहे," तो दारातच म्हणाला. "माझ्या हातातल्या निशाणामागे शिपाई चालत नाहीत. महाराज तुम्हाला परत बोलावताहेत."

"खिंडीत मला जे सांगितले, ते त्यांनी फौजेसमोर सांगावे. मी त्याच दिवशी निघेन."

"ते सांगणार नाहीत."

"तू निरोप तर पोहोचव. या खेपेला जसा दिला तसा."

वॉरिनने मान हलवली. मॉडच्या झोपडीवरून जाताना तो थांबला. आतून कडी लागल्याचा आवाज आला, आणि तो पुढे निघून गेला.

त्या दिवसापासून ऑसबर्ट रोज पहाटे घोड्यावर खोगीर घालून फाटकापाशी उभा राहू लागला, आणि सूर्य मावळला की ते उतरवू लागला. मठातले कोणी त्याला काही विचारत नसे. असे वीस दिवस गेले. एकविसाव्या दिवशी रस्त्याने जाणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून कळले की फौज आठवड्यापूर्वीच स्कॉटलंडकडे कूच करून गेली. ऑसबर्टने त्याचे आभार मानले. मग त्याने खोगीर उतरवले, घोड्याच्या गळ्यात मठाच्या नांगराचे जू अडकवले, आणि तो शेताकडे निघाला.