सगळ्यांना आवडलेलं चित्र

एखादं चित्र झाडून सगळ्यांना आवडावं आणि तरीही ते पाहून निम्मी वस्ती भलतीकडेच पळावी, हे कसं शक्य आहे? भोजनगृहाच्या कोपऱ्यात बसून शाल्मली याच कोड्यावर डोकं खाजवत होती. समोरची आमटी केव्हाच गार झाली होती.

वस्तीचं नाव सोमवाडी. चंद्राच्या दक्षिण टोकाशी वसलेली. मधल्या मजल्यावर घरं, खाली भुयार आणि वर जाड काचेची सूर्यगच्ची. चंद्रावर अंगण कुठलं असायला! ऊन खायचं तर सगळे गच्चीतच जात. सोमवाडीत मराठी माणसं पुष्कळ, पण जपान, केनिया, ब्राझीलहून आलेलीही कमी नव्हती. म्हणून धोक्याच्या सूचना अक्षरांत न देता चित्रांत द्यायच्या, असा तिथला शिरस्ता होता. भोंगा वाजला की बोळाबोळांतल्या पडद्यांवर चित्र झळकायचं आणि ते सांगेल तिकडे माणसांनी धावायचं.

यंदा सौरवादळासाठी नवं चित्र हवं होतं. सौरवादळ (सूर्यावर मोठा भडका उडून विद्युतभारित कणांचा लोंढा अवकाशात सुटणं) पृथ्वीवरच्या माणसांना सहसा जाणवतही नाही. तिथे हवेचं जाड पांघरूण आहे, शिवाय पृथ्वीचं चुंबकत्व आहे. चंद्रावर उघड्यावर सापडलेल्या माणसाच्या मात्र हे कण थेट शरीरात घुसतात आणि तो गंभीर आजारी पडतो. यावर उपाय एकच, मातीच्या जाड थराखालच्या भुयारात जाऊन बसायचं. त्यासाठी कधी काही तास मिळतात, तर कधी जेमतेम अर्धा तास.

"मुलांनो, चित्रं तुम्हीच काढा," वस्तीप्रमुख देवयानीताई म्हणाल्या होत्या. "पण लोकांना विचारून, पारखून आणा."

शाल्मलीने मोठा केशरी सूर्य काढला आणि त्याखाली दोन्ही हात वर केलेला माणूस. हात वर कशाला, तर किरणं अडवायला. सूर्य इतका झकास जमला की तिची तीच त्याच्यावर खूश झाली.

मग तिने लोकांना विचारलं. नेमकी त्या दिवशी संक्रांत होती. एका हातात तिळगुळाचा डबा, दुसऱ्या हातात चित्र. "तिळगूळ घ्या, गोड बोला! आणि माझं चित्र छान आहे ना?"

आता मला सांगा, तोंडात तिळगूळ आहे, समोर मुलगी डोळे मोठे करून उभी आहे, अशा वेळी "नाही बुवा" कोण म्हणेल? शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, किती गोड!" स्वयंपाकघरातले हारुतोकाका म्हणाले, "छान, छान!" त्यांना मराठीतला तेवढाच एक शब्द येत होता, ही गोष्ट वेगळी. आणि बाबा म्हणाले, "अशी चित्रकार अख्ख्या चंद्रावर नाही." लेकीची पोळी करपली तरी "खमंग झाली" म्हणणारे बाबा ते!

एवढ्या कौतुकावर तिचंच चित्र निवडलं गेलं आणि आज सकाळी तालीम झाली. भोंगा वाजला, पडद्यांवर केशरी सूर्य उगवला आणि निम्मी सोमवाडी जिना चढून सूर्यगच्चीत जाऊन उभी राहिली. खऱ्या वादळात सर्वांत वाईट जागा तीच, कारण काच ते कण अडवू शकत नाही. सगळ्यांच्या पुढे होते बाबा.

"तुझं चित्र बघूनच तर गेलो," ते म्हणाले. "वाटलं, ऊन खायला बोलावलंय. तो माणूस बघ ना, हात वर करून केवढा आनंदात आहे!"

सगळे हसले, पण शाल्मलीला हसू आलं नाही. खरं वादळ असतं तर बाबा त्या काचेमागे उभे राहिले असते, आणि तेही तिच्या चित्रामुळे. सूर्य सध्या खवळलेला होता, म्हणून देवयानीताईंनी दुसऱ्या चित्रासाठी फक्त पंधरा दिवस दिले होते.

"आमटीचं तापमान खोलीइतकंच झालं आहे," मागून आवाज आला. वस्तीभर हवेचा दाब मोजत फिरणारा यंत्रमानव तिथे उभा होता. मुलं त्याला मोजमापेकाका म्हणत.

"काका, सगळ्यांना चित्र आवडलं होतं. मग ते चुकले कसे?"

"सगळ्यांना? मला तू विचारलंच नाहीस."

"तुम्ही तिळगूळ खात नाही ना."

"म्हणूनच विचारायला हवं होतं. गोड बोलायची सक्ती मला एकट्यालाच नव्हती." मोजमापेकाकांचे हिरवे दिवे लुकलुकले. "तू केलंस त्याला सर्वेक्षण म्हणतात (पुष्कळ जणांना तेच प्रश्न विचारून त्यांची मतं गोळा करणं). पण तुझा प्रश्न काय होता?"

"छान आहे ना, असा."

"म्हणजे उत्तर तूच दिलंस. लोकांनी फक्त मान हलवली. याला सूचक प्रश्न म्हणतात (ज्याच्या पोटातच हवं ते उत्तर दडलेलं असतं असा प्रश्न). त्यात तू समोर उभी. माणसांना भीड पडते. मला पडत नाही, माझ्यात तो भाग बसवलेला नाही."

शाल्मलीने गाल फुगवले. "म्हणजे ते सगळे खोटं बोलले?"

"छे. चित्र त्यांना छान वाटलंच होतं. पण तुला हवं काय होतं? ते आवडावं, की ते बघून बाबांनी खाली जावं?"

हे शाल्मलीच्या डोक्यातच आलं नव्हतं. आवडणं वेगळं आणि कळणं वेगळं! बाबांना सूर्य आवडला होता, इतका की ते त्याला भेटायला वर गेले.

"मग विचारायचं असं, की हे चित्र दिसलं तर तुम्ही कुठे जाल?" ती हळूच म्हणाली. "आणि उत्तर मीच सुचवायचं नाही."

"बरोबर. आता दुसरी गोष्ट. विचारलंस कोणाला?"

"आमच्या बोळातल्या लोकांना. आणि हारुतोकाकांना."

मोजमापेकाकांनी गार आमटीकडे बोट दाखवलं. "वरचंच पाणी चमच्याने घेतलंस तर आमटीची चव कळेल का? आधी ढवळावी लागते. सर्वेक्षणातही थोड्यांनाच विचारतात, त्यांना नमुना म्हणतात (सगळ्यांच्या वतीने निवडलेली थोडी माणसं). पण त्यात सगळ्या प्रकारचे लोक यायला हवेत. खाणीत काम करणारे, रात्रपाळीवाले, म्हातारे, काल आलेले, मराठी न येणारे. कोणाला निवडायचं, ते चिठ्ठ्या टाकून ठरव, म्हणजे तुझ्या आवडीची माणसं त्यात घुसणार नाहीत."

मग त्यांनी लगेच प्रश्नावली तयार केली. ती इतकी लांब होती की पडद्यावर सरकतच राहिली. वय किती, चष्मा आहे का, केशरी रंग किती पसंत, भोंग्याचा आवाज कसा वाटतो...

"काका!" शाल्मलीला हसू फुटलं. "एवढं कोण भरेल? माणसं कंटाळतात. मग शेवटी वाट्टेल तिथे बोट लावून मोकळी होतात."

"कंटाळतात," मोजमापेकाकांनी नोंद केली. "हे मला ठाऊक नव्हतं."

शेवटी दोनच प्रश्न ठरले. "हे चित्र दिसलं तर तुम्ही कुठे जाल?" आणि "असं का वाटलं?" पहिल्याचं उत्तर वस्तीच्या नकाशावर बोट ठेवून द्यायचं, दुसऱ्याचं आपापल्या भाषेत बोलून. उत्तराबरोबर नाव द्यायचं नाही. चित्र कोणी काढलं, हेही कोणाला सांगायचं नाही. भोजनगृहाबाहेरच्या छोट्या खोलीत पडदा ठेवला. आत एका वेळी एकच जण जाई, आणि चित्र क्षणभरच दिसे, कारण भोंगा वाजत असताना कोणी चित्र न्याहाळत बसत नाही.

आधी तिने पूर्वचाचणी घेतली (मोठ्या सर्वेक्षणाआधी मोजक्या लोकांवर करून पाहायची छोटी चाचणी). तिचा लाडका सूर्य तिने सोडला नव्हता, त्यावर फक्त लाल फुली मारली होती. ते पाहून काही जणांनी नकाशात थेट दिव्यांच्या बटणांवर बोट ठेवलं. त्यांना वाटलं, दिवे मालवायला सांगताहेत! बरं झालं हे आधीच कळलं.

मग तिने आणखी एक चित्र काढलं. वर मातीचा जाड थर, त्याखाली उतरता जिना आणि धावत खाली जाणारा माणूस. सूर्याला जागाच उरली नाही. घाईत काढलेला तो माणूस चांगलाच बेढब झाला होता. तिला ते चित्र अजिबात आवडलं नाही, तरी तिने ते फुलीवाल्या सूर्याबरोबर सर्वेक्षणात ठेवलं. निम्म्यांना आधी हे दिसे आणि निम्म्यांना आधी ते, म्हणजे आधी दिसलेल्याचा फायदा कुठल्याच चित्राला मिळू नये.

उत्तरं आली. जिना पाहून जवळजवळ सगळ्यांनी भुयारावर बोट ठेवलं होतं. सूर्य पाहून बोटं वस्तीभर विखुरली होती. आणि कोणीतरी म्हटलं होतं, "सूर्य सुंदर आहे. पण पळायचं कुठे?"

शाल्मलीला रडू आलं. तिचा तो केशरी सूर्य! मग तिने नाक पुसलं आणि बेढब माणसाचं चित्र देवयानीताईंकडे पाठवून दिलं.

महिन्याभराने भरदुपारी भोंगा वाजला. या वेळी तालीम नव्हती. शाळेतली मुलं भराभर भुयारात उतरली. शाल्मली दाराशीच उभी राहिली. खाणीतले लोक आले, हारुतोकाका हातातल्या झाऱ्यासकट आले, कालच आलेलं ब्राझीलचं कुटुंबही कोणाला काही न विचारता थेट खाली आलं. बाबा मात्र दिसेनात. ते रोज याच वेळी गच्चीत ऊन खायला जात. शाल्मली दाराबाहेर डोकावून जिन्याकडे पाहू लागली.

शेवटच्या घोळक्यात बाबा धापा टाकत आले. त्यांच्यामागे जड दार बंद झालं.

"गच्चीतच होतो," ते म्हणाले. "पडद्यावर जिना दिसला आणि पाय आपोआप खाली वळले." मग त्यांनी भुयारातल्या पडद्याकडे पाहिलं आणि जरा चाचरले. "शालू, खरं सांगू का?"

"सांग."

"चित्र काही सुंदर नाही हं. त्या माणसाचे पाय अगदी बटाट्यासारखे झालेत."

शाल्मलीने त्यांना घट्ट मिठी मारली.

"अजून सांग ना, बाबा," ती म्हणाली. "आता मला हवागळतीचं चित्र काढायचंय."