रस्त्यावर ठेवलेला देव्हारा

मंजुळाबाई ऑफिसात आली ती थेट फरशीवर बसली. शारदाताईंनी खुर्ची पुढे सरकवली.

"नको बाई. खुर्च्या मी विकते. बसायची सवय नाही."

प्रेमानंदाला हसू आलं, पण तिच्या डोळ्यांकडे पाहताच ते ओठांतच विरलं. बुलढाण्यात शारदाताई खासगी तपासाची कामं घेत. प्रेमानंद त्यांची गाडी चालवायचा, चहा सांगायचा आणि समोरचा जे बोलेल ते खरं मानायचा. संध्याकाळी कीर्तनात टाळ घेऊन उभं राहायचं, हेच त्याच्या लेखी खरं काम.

मंजुळाबाई मोताळ्याची. लोकांनी दारापुढे काढून ठेवलेले पंखे, मिक्सर, लंगड्या खुर्च्या हातगाडीवर घालून न्यायच्या, नीट करायच्या, रंग द्यायचा आणि आठवडी बाजारात विकायच्या, यावर तिचं घर चाले.

"हिंमतरावच्या दारापुढून देव्हारा उचलला मी. सागवानी. त्याची माय सत्यभामाबाई वारली, तिच्या तेरवीच्या दुपारी. बाजूले बुढीची गादी-उशी होती, तिले हात बी नाही लावला. मेल्या माणसाचं अंथरूण कोणी नेत नाही. देव्हारा मात्र चांगला होता."

"मग?"

"भर बाजारात हिंमतराव वरडला, ही चोर आहे! देव्हाऱ्यात आमचे पाच टाक होते, ते हिनं गिळले!"

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले कुळाचे देव. प्रेमानंदाचा हात नकळत छातीशी गेला.

"आता माह्या गाडीचा आवाज आला की बाया दारं लावून घेतात. शेजारचा दुकानवाला म्हणते, तुही जागा बदल. हिंमतराव म्हणते पोलिसात देतो. बाई, मले माह्यं नाव परत पाहिजे. नाव चांगलं आहे म्हणूनच लोक दारापुढचं उचलू देतात. तेच गेलं त मी खाऊ काय?"

शारदाताई उठल्या. "गाडी काढ, प्रेमानंद."

मोताळ्यात तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये देव्हारा तसाच पडून होता. अजून पुसलाही नव्हता. आतल्या फळीवर पिवळट, मऊ धूळ या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी बसली होती. मधून एका तळहाताचा फराटा तेवढा गेलेला.

"हा हात कुणाचा?"

"माहा. उचलला तवाच, एखादी मूर्ती राह्यली का म्हणून चाचपलं. देव सापडले त परत द्या लागते ना!"

प्रेमानंद सटासट शिंकला. शारदाताई मात्र फळीवरून नजर हलवेनात.

"फोटो काढ."

"कशाचा, ताई? काहीच तर नाही आत."

"त्याचाच."

हिंमतरावाच्या वाड्याशेजारी सोयाबीनची मळणी चालू होती. त्या भुशानं ओसरी, कठडा, दारातली चप्पल सगळं पिवळं झालेलं. हिंमतरावाची बायको रेवती पाणी घेऊन आली.

"टाक उघड्या फळीवर आडवे मांडलेले असत. सासूबाई रोज फळी पुसून पुन्हा तिथंच ठेवत. त्या गेल्या, सुतक लागलं, तेव्हा देव्हाऱ्यावर पडदा ओढला. धाकट्या भाऊजींनीच ओढला, मी सासूबाईंपाशी होते. मग तेरवीपर्यंत कोण हात लावणार?"

"पडदा जाड होता?"

"कशाचा जाड? जाळीचा. अन् ही मळणी तर तेव्हापासून चालूच आहे. ताटातल्या भाकरीवर धूळ येते, पडद्यानं काय अडणार?"

हिंमतराव आला तो तावातच. "त्या बाईनं तुमाले बी गुंडाळलं वाटते! मार्बलचा देव्हारा आणला मी. जुने टाक पार झिजले होते, देवाले नाक-डोळे राह्यले नव्हते. मोडीत देऊन नवे घडवणार होतो. जुना देव्हारा नळगंगेत सोड म्हणून गोपालले सांगितलं. वाटलं, टाक तो काढून घेईल. त त्यानं तसाच रस्त्यावर ठेवला."

"तुम्ही स्वतः टाक शेवटचे कधी पाहिले?"

"माय गेली त्याच्या आदल्या दिवशी. पण गोपालनं तेरवीच्या सकाळी पाह्यले ना!"

धाकटा भाऊ गोपाल मेहकरला मास्तर होता, पण आज वाड्यावरच आला होता. आईचं नाव निघताच त्याचे डोळे भरून आले. प्रेमानंदाला तो फार आवडला.

"तेरवीच्या सकाळी पडदा सारून पाहिलं. पाचही टाक जागेवर होते," गोपाल म्हणाला. "दुपारी मी देव्हारा उचलून बाहेर ठेवला. मला वाटलं, दादांनी देव काढून घेतले असतील."

"उचलताना काही खणखणलं नाही?"

"लक्ष नव्हतं."

"नदीवर का नाही नेलात?"

"घरात पाहुणे. म्हटलं, कोणी गरजू नेईल."

बाहेर येताच प्रेमानंद कुजबुजला, "ताई, मोठ्यानंच मोडीत घातले अन् बाईवर ढकललं. धाकटा देवमाणूस आहे."

"मंजुळाबाईला बोलावून आण," शारदाताई एवढंच म्हणाल्या.

ओसरीवर सगळे जमले. मंजुळाबाई पायरीखाली उभी राहिली. शारदाताईंनी कठड्यावरचा एक पितळी गडवा उचलला. सकाळपासून तो तिथंच होता. त्याच्याखाली लाकडाचं स्वच्छ गोल वर्तुळ उमटलेलं, भोवती सगळी पिवळी धूळ.

"धूळ वस्तूच्या खाली शिरत नाही, हिंमतराव. आता हा फोटो बघा. तुमच्या देव्हाऱ्यातली फळी. टाकांच्या जागा दाखवा."

हिंमतरावानं फोन जवळ घेतला, लांब धरला. "नाहीच दिसत."

"तुमच्या आई रोज फळी पुसत. त्या गेल्यापासून सुतकात कुणी हात लावला नाही. तेरवीपर्यंत टाक तिथं असते, तर पाच कोऱ्या जागा राहिल्या असत्या. या बाईनं हात फिरवला तो एकच पट्टा. त्याच्या दोन्ही बाजूंची धूळ सलग आहे. म्हणजे सुतक लागलं तेव्हाच देव्हारा रिकामा होता. पडदा रिकाम्या देव्हाऱ्यावर ओढला गेला."

रेवतीनं सावकाश मान वळवून दिराकडे पाहिलं.

"तेरवीच्या सकाळी टाक पाहिल्याचं फक्त गोपालराव सांगतात," शारदाताई पुढे बोलू लागल्या. "जे तिथं नव्हतं ते त्यांना दिसलं. पाच सुटे टाक असलेला देव्हारा उचलला तर घरभर आवाज जाईल. तो यांना ऐकू आला नाही. पडदा यांनीच ओढला. नदीवर न्यायचा देव्हारा यांनीच रस्त्यावर ठेवला, म्हणजे कुणीतरी नेईल आणि रिकामी फळी घरात कुणाला दिसणार नाही. गोपालराव, टाक मेहकरला तुमच्या घरी आहेत ना?"



"मोडीत घालणार होते दादा," गोपालचा आवाज फुटला. "आईच्या बोटांनी झिजलेले देव. तिच्या हातानं त्यांचे नाक-डोळे गेले. ते भट्टीत कसे जाऊ देऊ? मागितले असते तर दिले असते का, दादा? धाकट्याकडे देव जात नाहीत म्हणाला असता."



"अन् मले चोर म्हटलं तवा?" मंजुळाबाईनं विचारलं. "तवा तू तिथंच होता, मास्तर. रंगवलेल्या स्टुलापाशी. माह्याकडे पाहून खाली मान घातली तुनं."

गोपालनं आताही मान खाली घातली. प्रेमानंदाला गलबलून आलं. देवांना आगीतून वाचवणारा माणूस एका जित्या बाईला खुशाल आगीत ढकलतो. आजवर ऐकलेल्या एवढ्या कीर्तनांत याचं उत्तर कुठं होतं, ते त्याला आठवेना.

हिंमतराव घसा खाकरून म्हणाला, "झालं ते झालं. घरातली गोष्ट घरातच राहू द्या. मंजुळाबाई, देव्हारा तुले ठेव. मी काही तक्रार करत नाही."

"चोर घरात म्हटलं होतं का, भाऊ?" ती म्हणाली. "बाजारात म्हटलं."

पुढच्या बाजाराला शारदाताई आणि प्रेमानंद मुद्दाम गेले. हिंमतराव लांब, कापडाच्या दुकानाआड उभा राहिला. तो पुढे आलाच नाही. गोपाल एकटाच मंजुळाबाईच्या पालासमोर आला.

"टाक मी नेले होते," तो म्हणाला. "हिनं नाही."

"मास्तर, जोरात! मांगं ऐकू नाही येऊन राह्यलं!" एक कांदेवाला ओरडला.

वर्गात रोज बोलणाऱ्या त्या माणसाला दुसऱ्यांदा तेच वाक्य म्हणताना घाम फुटला. पण या वेळी ते टोकापर्यंत ऐकू गेलं. लोक थोडं थांबले, थोडं कुजबुजले आणि पुन्हा भाजीकडे वळले.

झुंबरबाई म्हणून गल्लीतलीच एक बाई होती. गाडीचा आवाज आला की दार लावून घेणाऱ्यांतली. ती पालाशी घुटमळली.

"मंजुळा, माह्या घरी एक लोखंडी पलंग हाये. उद्या दारापुढं काढून ठेवतो, घेऊन जाजो."

मंजुळाबाई पंख्याच्या पात्याला तेल लावत होती. तिनं मान वर केली नाही.

"दारापुढं ठेवू नको, बाई. आता ठेवलेलं मी उचलत नाही. तू दारात उभी राहून, चार लोकांदेखत माह्या हातात देशील, तवाच नेईन."