निमिषचे सेल

शर्वाणी दातार गेली कित्येक वर्षं खेळून पोट भरत होती आणि आता तिला खेळाचा मनापासून वीट आला होता. नोकरी मात्र हवी होती. 'निमिष' या नव्या खेळयंत्राची घोषणा उद्यावर आली होती. आजच्या चाचणीतही तिची बोटं मागे पडली, तर चाचणीकाराची खुर्ची सोडायची, असं वरून ठरलं होतं.

सकाळची शर्यत ती हरली. जेवणानंतर मात्र तिने स्वतःचाच जुना विक्रम मोडला. मनात आलं की गाडी वळत होती. इतकं हलकं तिला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

"बघा शिकलगार, अजून गंज चढलेला नाही."

निमिषचं पूर्वचाल तंत्र इक्बाल शिकलगारांनीच बनवलेलं. ते मान वर न करता म्हणाले, "ताई, बोटाच्या आधी डोळा ठरवतो. पडद्यावरचा कॅमेरा डोळा बघतो आणि यंत्र चाल खेळून मोकळं होतं. म्हणून विलंब शून्य. बटण मागाहून येतं, चूक असली तर दुरुस्त करायला."

"आणि बटण आलंच नाही तर?"

"तर चूक नव्हती, असं यंत्र धरून चालतं."

शर्वाणीने ओढणी अंगाभोवती घेतली. सकाळी इथे सगळे घामाघूम झाले होते.

"एसी कधी दुरुस्त झाला?"

"बिघडला कुठे होता? रिमोटचे सेल संपले होते. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा तुमच्या कंट्रोलरमधले काढून..." शिकलगार बोलता बोलता थांबले.

तिने कंट्रोलरचं झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. पडद्याच्या नादात विझलेला दिवाही तिला दिसला नव्हता. म्हणजे सकाळी तिला हरवलं ते तिच्याच बोटांनी. उशिरा पोचून ती यंत्राच्या बरोबर चाली चुकीच्या ठरवत होती. तिला फार वाईट वाटलं, पण रडायचंही त्राण नव्हतं.

शिकलगार वर कळवायला गेले. आता घोषणा पुढे ढकलतील, असं तिने धरलं होतं.

"खूश आहेत," ते परत येऊन म्हणाले. "तुमची खुर्ची राहिली. वैशिष्ट्यांत एक ओळ वाढली, कंट्रोलरला सेल लागत नाहीत."

"मग कंट्रोलर कशाला?"

"हातात काहीतरी हवं ना, ताई."

तिने एसीचा रिमोट उचलून बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग टुंग वाजलं आणि एसी बंद पडला. तो तेवढासा उशीर तिला बरा वाटला. तिने पुन्हा बटण दाबलं आणि वाट बघत बसली.