गोदामातल्या टायरांची झीज

झिजलेला टायर दाखवा, गाडी कुठून आली ते मी सांगतो. यात जादूबिदू काही नाही. बुरैमीच्या वाटेवरची वाळू टायर घासून चकचकीत करते, रास अल खैमाकडच्या खडीवर कडा कुरतडल्या जातात, आणि ड्रायव्हर तापट असेल तर तेही कळतं. मी मूळचा हर्णैचा. सात वर्षं मुंबईत आणि चार वर्षं इथे देरा-दुबईत टायरच पाहिले. लोक मला बदरू टायरवाला म्हणतात, आणि मला ते आवडतं.

१९६७च्या जानेवारीत आमच्या मालकाने एक ट्रक विकला. मालक लारकडचा इराणी, आम्ही त्याला आगा म्हणायचो. ट्रक मोठ्या लाँचवर चढवून बंदर अब्बासला उतरवायचा आणि तिथून सगळा इराण ओलांडून तबरीझच्या कंत्राटदाराच्या ताब्यात द्यायचा. शेवटचे घाट बर्फातले. ड्रायव्हर ठरला मुनीर, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. शहरबानूला तेव्हा सातवा महिना होता.

"टायर तू चुन," आगा म्हणाला. "बर्फवाला. मेरे को कुछ मालूम नहीं."

मला तरी कुठे होतं? देऱ्यात बर्फ म्हणजे कारखान्यातली लादी, मासळीवर टाकायची.

गोदामात चुकून उतरलेल्या मालातले दोन संच पडून होते, सहा-सहा टायरांचे. एकाचे गट्टे, म्हणजे रबराचे उंचवटे, मोठे आणि मधल्या खाचा खोल. दुसऱ्याची नक्षी बारीक, आणि प्रत्येक गट्ट्यावर ब्लेडने मारल्यासारख्या केसभर चिरा. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, भुसभुशीत बर्फाला खोल खाचा घ्या, घट्ट गोठलेल्या रस्त्याला बारीक चिरा. तबरीझच्या घाटात कुठला बर्फ असतो ते लिहिलं नव्हतं.

मी स्वस्थ बसणारा माणूस नाही. बर्फाच्या वीस लाद्या आणून अंगणात मांडल्या आणि दोन्ही संच आळीपाळीने चढवून मुनीरला त्यांवरून ट्रक न्यायला लावला. अर्धं देरा बघायला जमलं. लाद्यांचा चुरा झाला, चुऱ्याचा चिखल झाला आणि पोरं उरलेले तुकडे चोखत घरी गेली.

"भाई, टेस्ट पास की फेल?" मुनीर खिडकीतून ओरडला. मला त्याचा राग आला आणि हसूही आलं.

शेवटी मी खोल खाचांचे टायर निवडले. मुनीरलाही तेच पसंत होते, मर्दानी दिसतात म्हणे. निवडलेल्या मालाच्या कडेच्या गट्ट्यावर मी सुरीने तिरकी खूण करतो, तशी सहाही टायरांवर केली. ते धुऊन गोदामात ठेवले. खाचेची खोली मोजली, बरोबर पाच सूत. वहीत टिपून ठेवली. लाँच सुटायला बारा दिवस होते, आणि तोवर ट्रक साध्या टायरांवरच गावात राबणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाम उघडलं तर त्या टायरांच्या खाचांत चिखल होता. मी धुतले होते. चिखल जिभेला लावून पाहिला, खारट होता. समुद्राकाठचा, पण आमच्या खाडीतला नव्हे, याला लालसर झाक होती.

गोदामाला खिडकी नाही. दार एकच, आणि किल्ली माझ्या गळ्यात.

तिसऱ्या सकाळी कडांवर खडीचे चावे दिसले. खाच अर्ध्या सुताने उथळ झाली होती. शेजारचा दुसरा संच मात्र होता तसाच. कुणीतरी रात्रीचे टायर वापरतंय, असं मला वाटलं. ट्यूबला चोळायची पांढरी पावडर मी जमिनीवर दारापर्यंत पसरली. सकाळी पावडरवर मांजराचंसुद्धा पाऊल नव्हतं. टायर मात्र आणखी झिजले होते.

पाचव्या सकाळी डांबराची झिलई दिसली. शेकडो मैल सलग डांबर लागल्याशिवाय ती येत नाही, आणि आमच्याकडे तेव्हा डांबर होतंच किती? मी आगाला सहज विचारलं, मुनीरच्या वाटेवर काय काय लागतं. त्याने बोटांवर मोजून सांगितलं. बंदरापाशी खारा चिखल, मग खडी, मग डांबर, मग बर्फ.

माझे टायर मुनीरच्या आधी निघाले होते.

खरं सांगतो, मला तेव्हा भीती वाटली नाही. उलट मजा वाटत होती. चहासुद्धा न घेता मी पहाटे गोदाम गाठायचो, मोजायचो, वहीत लिहायचो. आज यझ्द असेल. आज तेहरान. रोज नवं पत्र यावं आणि ते मला एकट्यालाच वाचता यावं, तसं चाललं होतं.

आठव्या सकाळी गट्ट्यांवर साखळ्यांचे ओरखडे होते. बर्फात चाकांना बांधतात त्या साखळ्यांचे. रबर ओलं होतं, आणि इतकं गार की बोटं बधिर झाली.

नवव्या सकाळी एका टायरवर वीतभर सपाट चट्टा होता.

असा चट्टा एकाच कारणाने पडतो. ब्रेक दाबला, चाक थांबलं, गाडी थांबली नाही.

दहाव्या सकाळी मोजलं. झीज नाही.

अकराव्या सकाळीही नाही.

मग मात्र मी घाबरलो. वही मिटली आणि थेट आगाकडे गेलो.

"टायर बदली करता हूं. बारीकवाला लगाएगा."

"लेश? क्यूं?"

"वो रास्ता जमा हुआ है."

"तेरे को कैसे मालूम? ठीक है, खलास. टायरवाला तू है."

मुनीर कुरकुरला. मी त्याला काही सांगितलं नाही, सांगून हसंच झालं असतं. बाजारातून त्याच्यासाठी लष्करी बुटांचा एक जोड आणला आणि पाय घसरू नये म्हणून प्रत्येक टाचेत तीन खिळे ठोकून घेतले. शहरबानू बुटांवरून हात फिरवत म्हणाली, "भाई, हे नीट परत येतील ना?"

"इन्शाल्ला," मी म्हणालो. तिच्या डोळ्यांत बघायचं धाडस झालं नाही.

तो मार्चच्या अखेरीस परतला. ट्रक तबरीझला दिला, मग बसने बंदर, तिथून लाँच. धक्क्यावरून आधी माझ्याकडे गोदामातच आला. काळवंडलेला, वाळलेला, पण जिवंत. मी त्याला मिठी मारली आणि मुलगा झाल्याचं सांगितलं. बाळ आठ दिवसांचं होतं. मुनीर रडला. मग आम्ही घराकडे चालू लागलो.

वाटेत म्हणाला, "भाई, त्या घाटात माझ्यापुढे कुणीतरी गेलं होतं. ताज्या बर्फात चाकोरी होती. खोल खाचांचा टायर. आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तुमची तिरकी खूण."

मी त्याची पिशवी माझ्या खांद्यावर घेतली.

"मला बरं वाटलं. कंपनी आहे म्हटलं, धुक्यात तिच्याच मागे चाललो. खाली सगळा घट्ट बर्फ, नुसती काच. एका वळणावर चाकोरी वळलीच नाही, सरळ गेली. मी ब्रेक दाबला. तुमच्या टायरांनी पकड घेतली, भाई. कडेपासून हातभर अलीकडे थांबलो."

"खाली पाहिलंस?"

"उतरून पाहिलं. ट्रक नव्हता. काहीच नव्हतं. पण दरीतून वर कडेवर पावलं आली होती. टाचेत तीन खिळे. माझीच असतील म्हटलं, पण मी दरीत उतरलोच नव्हतो."

"कुठे गेली ती पावलं?"

"मागे. आलो त्याच वाटेने, बंदराकडे."

आम्ही घराशी पोचलो. दुपार तापलेली होती, गल्लीतली वाळू चपलेतून भाजत होती. मुनीर उंबऱ्यावर बसून मी दिलेल्या बुटांच्या नाड्या सोडू लागला.

दाराशी आधीच एक जोड होता.

लष्करी. ओलाचिंब. शिवणीत पांढरं काहीतरी अडकलं होतं, अजून वितळायचं होतं. मी एक बूट उलटा केला आणि टाचेतले खिळे मोजले.

आत शहरबानूचा आवाज होता, किती तरी दिवसांनी इतका आनंदी.

"जरा बाळाला घ्या," ती कुणाला तरी म्हणत होती. "मी तुम्हाला भात वाढते."