छातीभर पाण्यात

मी त्याच्यावर आदळले, तेव्हा तो तलावाच्या भिंतीला कान लावून उभा होता.

पाण्यात आदळणं म्हणजे फार काही नसतं. माझा खांदा त्याच्या पाठीला लागला, दोन लाटा उठल्या, आणि तो ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "शू... जरा हलू नका."

मी हलले नाही. का, कोण जाणे. छातीभर पाण्यात, अनोळखी माणसापासून हातभर अंतरावर मी श्वास रोखून उभी राहिले. मग त्याने मान वर केली, कानातलं पाणी झटकलं आणि अगदी सहज म्हणाला, "नाही. इथे नाही." आणि पुढे निघून गेला.

इथे नाही म्हणजे काय नाही? घरी जाईपर्यंत डोक्यात तेच.

पोहण्याच्या त्या तलावात सकाळी अकराची वेळ पाण्यात चालणाऱ्यांची असे. बहुतेक सगळे आजी-आजोबा, आणि त्यांच्यात मी. सोफा-खुर्च्यांना कापड चढवण्याचं आमचं दुकान. बाबांच्या मागे दादा आणि मी ते चालवतो. चार महिन्यांपूर्वी एक जड आरामखुर्ची मी एकटीनेच उचलली. कमरेतून अशी कळ गेली, की खुर्ची आणि मी, दोघी आडव्या. मणक्यातली चकती सरकली होती. दोन महिने अंथरुणात गेले आणि अंगावर अकरा किलो चढले.

"वजन उतरलं की मणक्यावरचा भार कमी होईल," फिजिओथेरपिस्टबाई म्हणाल्या. "पाण्यात चाला. पाणी तुम्हाला उचलून धरेल."

दादाचं वेगळंच. "तू आता काउंटरवर बसून कापडं दाखव. हातोडी-खिळ्यांच्या वाटेला जाऊ नकोस." तो काळजीनेच बोलला होता, पण मला ते फार लागलं.

त्या धडकेच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्या माणसाच्याच भिंतीकडून चालले.

"काय ऐकता हो भिंतीत?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"शेजाऱ्यांचं भांडण."

तो हसला. "पाणी. तलाव रोज बोटभर उतरतोय. कुठून जातंय, कळत नाही."

तर, तो पंप आणि पाइप दुरुस्त करणारा होता.

"गळती बोलते?"

"कुजबुजते. तुम्ही जरा थांबलात तर ऐकू येईल."

"मला थांबायला मनाई आहे. माझी पाठ—" मी जीभ चावली. पाठीचं नाव काढलं की लोकांचे चेहरे कसे लगेच कनवाळू होतात. त्याचा झाला नाही. त्याने नुसतं विचारलं, "कुठला मणका?"

"खालून दुसरा."

"म्हणजे सगळ्या वरच्यांचा भार त्याच्यावर," तो म्हणाला, आणि भिंतीला कान लावला.

वजनकाटा मात्र ढिम्म हलत नव्हता. मी गुपचूप रात्रीचं जेवण सोडलं, मग सकाळचंही. नवव्या दिवशी तलावाच्या पायरीवरच डोळ्यांपुढे अंधारी आली. कुणीतरी कोपर घट्ट धरलं. त्यानेच.

मला बाकावर बसवून त्याने विचारलं, "शेवटचं कधी जेवलात?"

"काल... दुपारी."

तो आपली पिशवी घेऊन आला. डबा उघडून दोन उकडलेली अंडी आणि पाव माझ्यापुढे ठेवला. "पाणी नसताना पंप चालवला की जळतो. रोज बघतो मी."

"मी पंप आहे का?"

"पंपाला मी माझा डबा देत नाही."

मी मुकाट्याने खाल्लं. फिजिओथेरपिस्टबाईंनी त्या संध्याकाळी चांगलंच झापलं. "उपाशी राहून स्नायू झिजवलेत तर पाठीला धरून ठेवणार कोण?" वेळेवर जेवण, रोज चालणं, आणि आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ, असं त्यांनी ठरवून दिलं.

तिसऱ्या आठवड्यात तो लाल रंगाची चिमुकली बाटली घेऊन आला. "आज पाच मिनिटं चालू नका. तुमच्या लाटांनी रंग विस्कटेल."

आम्ही पाण्याखालच्या दिव्याजवळ उभे राहिलो. त्याने एक थेंब सोडला. लाल धागा पाण्यात सरळ लोंबकळला, आणि मग हळूच वळला, दिव्याच्या कडेकडे गेला आणि दिसेनासा झाला.

"गेला," मी कुजबुजले.

"बघितलंत?" त्याने विचारलं. पण तो भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

गळती सापडली, म्हणजे आता हा यायचा नाही... त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तो आला. तिसऱ्याही. दुरुस्ती चालू असेल, असं मी धरून चालले. भिंतीला कान न लावता तो माझ्या शेजारून चाले. मी त्याला खुर्चीच्या बैठकीखालचा पट्टा कसा ताणतात ते सांगे, आणि तो इतके प्रश्न विचारी की वेळ कधी संपे, कळत नसे. माझे तीन किलो उतरले. दादाने दुकानामागच्या कारखान्यात रोज दोन तास काम करायची मुभा दिली. अट एकच, एकटीने काही उचलायचं नाही.

एका सकाळी मी तिकीटखिडकीवरच्या मावशींना सहज विचारलं, "गळती अजून बुजली नाही का?"

"ती होय? ती त्याच संध्याकाळी बुजली. आता तो पास काढून येतो."

मी पाण्यात उतरले ती थेट त्याच्याकडे.

"तुमच्या पाठीला काय झालंय?"

"काही नाही."

"मग या म्हाताऱ्यांच्या वेळेला इथे कशाला चालता?"

त्याने पाण्यावर बोट फिरवलं. "गळती सापडल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. का नाही वाटलं, ते शोधत होतो."

"सापडलं?"

"पहिल्याच दिवशी. सांगायचं कसं, ते... सापडत नव्हतं."

माझ्या कानांपर्यंत ऊब चढली. "मी उद्यापासून येणार नाही," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. मी दोन पावलं तशीच जाऊ दिली. जरा मजा घेतली म्हणा ना.

"बाईंनी रस्त्यावर चालायला सांगितलंय. सकाळी साडेसहा, सपाट रस्ता, अर्धा तास."

"एकटीने?"

"तसं काही लिहून दिलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सव्वासहालाच तो मी सांगितलेल्या आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर उभा होता, करकरीत नव्या बुटांत. अर्ध्या तासाची पन्नास मिनिटं झाली. परतताना तो लंगडायला लागला. दुकानाच्या पायरीवर बसवून मी बघितलं, तर टाचेला हा एवढा फोड.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बोलत होतात."

"उद्या यायला जमेल?"

"तू येणार असशील तर." बोलून गेला, आणि मग उगाच बुटाच्या नाडीशी खेळायला लागला.

"येईन," मी म्हणाले. "पण तू जुने बूट घाल."